घर मोजायचं तर झोपेच्या वेळचं मोजा

सर्व्हेला नवी तुकडी आली की मी तिची एक सवय आधी मोडते: दुपारी घर बघायला जायची. दुपारी पुरुषमाणसं कामावर, पोरं शाळेत, दार सताड उघडं, गाद्या गुंडाळून कपाटावर. दहा बाय बाराची खोली त्या वेळी चांगली ऐसपैस वाटते. तीच खोली रात्री साडेअकराला बघा. दार बंद, खिडकी बंद, पलंगावर दोघं, खाली चटईवर तिघं, आणि सहाव्याने ओट्याखाली पाय घातले तरच त्याला आडवं होता येतं. आजार जडतो तो या दुसऱ्या खोलीत. नकाशात आणि बहुतेक सर्व्हेच्या फॉर्मातही असते ती पहिली.

घराचा दर्जा मोजून त्याचा राहणाऱ्यांच्या तब्येतीशी संबंध कसा लावायचा, हे पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. एमएसडब्ल्यूचे (समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे) विद्यार्थी, वस्तीतल्या मंडळाचे कार्यकर्ते, आशाताई, एखाद्या सोसायटीची चिकाटीची सेक्रेटरी, कुणीही. उदाहरणं मुंबईच्या पुनर्वसन इमारतींची घेते, कारण या शहरात हा प्रश्न जुना आहे. १८९६ला प्लेग आला, १८९८ला शहराच्या सुधारणेसाठी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि चाळींत हवा-उजेड किती पोचतो हा सरकारी विषय झाला. त्याच शहरात सव्वाशे वर्षांनी महापालिकेच्या गोवंडी-मानखुर्दच्या एम-पूर्व विभागात लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजीपी कॉलनी या तीन पुनर्वसन वसाहती ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने अभ्यासल्या. २०१८मध्ये निष्कर्ष बाहेर आले. पहिल्या दोन वसाहतींत इमारतींमधलं अंतर जेमतेम ३ मीटर, आणि क्षयरोगाचं प्रमाण पीएमजीपीपेक्षा कितीतरी जास्त. तेही खालच्या, अंधाऱ्या मजल्यांवर अधिक. झोपडी सुटली, पक्कं घर मिळालं, संडास घरात आला आणि खोकला मात्र राहिला.

आधी प्रश्न बारीक करा

गोवंडीचं वाचलं की प्रत्येकाला क्षयच मोजायचा असतो. मी पाटीवर हिशेब मांडून दाखवते. २०१९ ते २०२१च्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात १५ वर्षांवरच्या एक लाख लोकांमागे ३१६ जणांना फुप्फुसाचा क्षय निघाला. तुमच्या हातात २०० घरं आहेत, म्हणजे साधारण ६०० मोठी माणसं. त्यात सापडतील दोन, फार तर तीन रुग्ण. जिथे प्रमाण जास्त आहे तिथे पाच-सहा धरा. त्यातले चार खालच्या मजल्यावर निघाले तर तो इमारतीचा दोष की निव्वळ योगायोग, हे तुम्हालाच सांगता येणार नाही. गोवंडीत हजारो कुटुंबांकडे जावं लागलं ते यासाठी.

म्हणून छोट्या सर्व्हेत अशी तक्रार निवडा जी दर पाच-दहा माणसांत एकाला असते आणि जिचा घराशी संबंध लागू शकतो: खोकला, छातीतली घरघर, मुलांचे जुलाब, झोपमोड, घरात पाय घसरून पडणं. क्षयाबद्दल विचारायचंच असेल तर ‘गेल्या पाच वर्षांत या घरात राहत असताना कुणी क्षयाची औषधं घेतली का’ एवढंच विचारा. मग एका वाक्यात लिहून काढा: कोणती घरं, कोणत्या घरांच्या तुलनेत, कोणती तक्रार, कोणत्या काळात. ‘आमच्या इमारतीत तळमजला ते दुसरा मजला इथल्या मुलांना सहाव्या-सातव्या मजल्यावरच्या मुलांपेक्षा गेल्या वर्षभरात घरघर जास्त झाली का?’ हे वाक्य जमलं की अर्धा फॉर्म आपोआप गळतो. गळू द्या. सव्वाशे प्रश्नांचा फॉर्म भरणारी बाई साठाव्या प्रश्नाला कुकर लावायला उठते, आणि पुढची उत्तरं ती फक्त तुम्हाला घालवण्यासाठी देते.

दार ठोठावण्याआधी

पुनर्वसनाच्या इमारतीत किंवा झोपडपट्टीत टेप घेऊन आलेला माणूस म्हणजे बिल्डरचा किंवा पात्रता यादीचा, हे समीकरण पक्कं असतं. ते तोडायला एक बैठक कमिटीबरोबर, एक बायकांच्या बचतगटाबरोबर. कोण आहोत, मोजमाप कुठे जाणार, कुठे जाणार नाही, हे मराठीत आणि हिंदीत सांगा. भाडेकरूंना वेगळं सांगा, कारण घर त्यांच्या नावावर नसतं आणि तक्रार मालकाच्या कानावर जाईल ही भीती असते. कागदावर नाव नाही, कोड. कोड आणि नावाची वही वेगळ्या कपाटात. फोटो भिंतीचा, माणसाचा नाही. फोटोत देव्हाऱ्यावरची नेमप्लेट किंवा मुलांचं प्रशस्तिपत्रक येत नाही ना हेही बघा. कॉलेजमार्फत करत असाल तर नैतिकता समितीची परवानगी आधी लागते. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं त्यासाठीच आहेत. आणि दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असलेला माणूस सापडला तर फॉर्म बाजूला ठेवून त्याला जवळच्या दवाखान्यात कुठे, किती वाजता जायचं ते सांगायचं. ही जबाबदारी घ्यायची नसेल तर खोकल्याचा प्रश्न विचारू नका.

घर: टेप, फोन आणि थोडी नजर

पहिलं मोजायचं ते माणसांचं. रेशनकार्डावर किती, हा प्रश्न निरुपयोगी आहे. ‘काल रात्री या खोलीत कोण कोण झोपलं?’ असं विचारा आणि बोटांवर मोजू द्या. गावाहून आलेला पुतण्या, रात्रपाळीहून येऊन दिवसा झोपणारा दीर, बाळंतपणाला आलेली मुलगी हे सगळे तेव्हाच निघतात. यूएन-हॅबिटॅट या संयुक्त राष्ट्रांच्या घरं-वस्त्यांवर काम करणाऱ्या संस्थेच्या मापाने एका खोलीत तीनपेक्षा जास्त माणसं म्हणजे दाटी. २०११च्या जनगणनेत देशातली सुमारे ३७ टक्के कुटुंबं एकाच खोलीत राहत होती, त्यामुळे आपल्याकडे निम्मी वस्ती ‘दाटी’च्या रकान्यात जाते आणि तुलनेला काही उरत नाही. म्हणून हो-नाही न लिहिता प्रत्यक्ष आकडा लिहा, आणि सोबत एका माणसामागे किती चौरस फूट जमीन ते. पोटमाळा असेल तर त्याची उंचीही. चार फूट उंचीच्या पोटमाळ्यावर झोपणाऱ्या पोराची हवा खालच्यांपेक्षा गरम असते.

आता खिडकी. इथे जरा थांबते, कारण निम्मं प्रकरण खिडकीत आहे.

राष्ट्रीय इमारत संहितेनुसार उष्ण-दमट हवेच्या ठिकाणी खोलीच्या खिडक्यांचं क्षेत्रफळ जमिनीच्या किमान एक षष्ठांश हवं. खोली १० बाय १२, म्हणजे १२० चौरस फूट. लागणारी खिडकी २० चौरस फुटांची. टेप लावली, खिडकी निघाली ४ बाय ३, म्हणजे १२. हे झालं एक दशांश. पण खिडकी सरकत्या काचांची आहे, एका वेळी अर्धीच उघडते. उरले ६ चौरस फूट, एक विसांश. त्या अर्ध्यापुढे कपाट आहे की कपड्यांची दोरी ते बघा. मग घरातल्या बाईकडे वळा आणि विचारा: ही खिडकी रात्री उघडी असते का?

बहुतेक घरांत उत्तर ‘नाही’ येतं. सर्व्हे इथेच संपवणाऱ्यांचा मला राग येतो. ‘लोकांना हवेचं महत्त्व कळत नाही, जनजागृती करावी’ असा निष्कर्ष लिहून ते मोकळे. पुढचा रकाना मी सक्तीने ठेवते: का बंद? त्यात मला कायम हीच उत्तरं मिळत आली: डास. उंदीर, तेही दुसऱ्या मजल्यावर, पाइपावरून चढून. समोरच्या इमारतीतून थेट आपला पलंग दिसतो. वरच्या मजल्यावरून कचरा पडतो आणि तो सज्जावर कुजतो. डक्टातून, म्हणजे पाइप जातात त्या बोळकांडीतून, संडासाचा वास येतो. घरात तरणी मुलगी आहे. एका आजींनी मला खिडकी उघडून दाखवली, दोन मिनिटं काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, “आता तूच सांग, लावू का?” मीच पुढे होऊन लावली. त्या खिडकीची नोंद ‘आहे’ अशी केली असती तर ती खोटी ठरली असती. आमच्या फॉर्मात आता खिडकीचे तीन आकडे असतात: भिंतीत किती, उघडू शकते किती, आणि रात्री उघडी असते किती. तिसरा बऱ्याचदा शून्य असतो.

खिडकीबाहेर आकाश दिसतं का, तेही मोजता येतं. इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी शंभर वर्षांपूर्वी मुंबईत साडेत्रेसष्ट अंशांचा नियम लावून धरला होता: समोरच्या इमारतीच्या माथ्यापासून आपल्या भिंतीच्या पायथ्यापर्यंत रेघ ओढली तर तिचा जमिनीशी कोन साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा जास्त नको. सोप्या भाषेत, समोरची इमारत जेवढी उंच त्याच्या निम्मी तरी मोकळी जागा मध्ये हवी. फोनमधलं कोन मोजायचं ॲप उघडा, खिडकीच्या चौकटीशी टेकवून समोरच्या गच्चीच्या कठड्याकडे रोखा आणि कोन वाचा. तळमजला अधिक सात मजले म्हणजे साधारण २३ मीटर उंची, मधला बोळ ३ मीटरचा. तळमजल्यावर कोन ८२ अंशांच्या आसपास येतो. ऑर साहेबांच्या नियमाने तिथे साडेअकरा मीटर जागा सुटायला हवी होती. हा एक आकडा मजल्यागणिक बदलतो, कुणाच्या सांगण्यावर अवलंबून नसतो, आणि पुढे तक्रारींशी ताडून बघायला फार कामाला येतो. जोडीला साधी नोंद: दुपारी बारा वाजता दिवा न लावता वर्तमानपत्राचा बारीक मजकूर वाचता येतो का?

हवा खेळते की नाही हे डोळ्यांना दिसत नाही, त्यासाठी कार्बन डायऑक्साइडचा मीटर लागतो. हे एकच यंत्र विकत घेण्यालायक आहे. विकत घेताना ‘एनडीआयआर’ सेन्सर (इन्फ्रारेड प्रकाशाने थेट हाच वायू मोजणारा) आहे याची खात्री करा. अगदी स्वस्तातले मीटर दुसरेच वायू मोजून अंदाजे आकडा दाखवतात, अगरबत्ती लावली तरी भडकतात. आधी गच्चीवर मोकळ्या हवेत नेऊन बघा, ४२० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) जवळपास आकडा आला पाहिजे. मग स्वयंपाक आटोपल्यावर, म्हणजे गॅसच्या ज्योतीचा वायू विरल्यावर, झोपणाऱ्यांच्या नाकाच्या उंचीला, पण तोंडापासून हातभर लांब ठेवा आणि रात्रभर नोंद होऊ द्या. सकाळी जाऊन घेऊन या. रात्री तुम्ही स्वतः तिथे बसायची गरज नाही, बसूही नका.

आकड्याचा अर्थ कसा लावायचा? आपण सोडलेल्या श्वासात कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण सुमारे ३८,००० पीपीएम असतं. समजा पहाटे तीनला मीटरने २,३०० दाखवले. बाहेरचे ४२० वजा केले, उरले १,८८०. त्याला ३८,०००ने भागलं तर जवळजवळ पाच टक्के. म्हणजे त्या खोलीत घेतलेल्या दर वीस श्वासांतला एक श्वास आधी कुणाच्या तरी फुप्फुसातून आलेला आहे. हे वाक्य मी बचतगटात सांगते तेव्हा एकदम शांतता होते. ‘पीपीएम’ सांगून ती कधी झाली नाही. साधारण १,०००च्या वर आकडा टिकून राहिला तर हवा पुरेशी बदलत नाही असं समजावं. मात्र हा वायू स्वतः क्षय देत नाही, तो फक्त सांगतो की उच्छ्वास कोंडला आहे. कोंडलेल्यात जंतू असतील तर तेही कोंडले आहेत.

ओल

ओलीबद्दल परदेशी पुस्तकातली मापं तशीच उचलू नका. ‘घरातली आर्द्रता ६० टक्क्यांखाली ठेवा’ हा सल्ला जुलैच्या मुंबईत, रत्नागिरीत किंवा पणजीत वाचून हसू येतं. बाहेरच ८५-९० टक्के असते. तसंच जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या घर-आरोग्य मार्गदर्शिकेतलं घरात किमान १८ अंश तापमान राखण्याचं माप थंड आणि समशीतोष्ण प्रदेशांतल्या हिवाळ्यासाठी आहे. आपल्याकडे उलटा प्रश्न: मे महिन्यात पत्र्याखाली रात्री अकराला किती. म्हणून आर्द्रता आणि तापमान घरात आणि बाहेर एकाच वेळी घ्या आणि फरक लिहा. आर्द्रतामापक खरं बोलतोय का हे तपासायला बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, चार थेंब पाण्याने ओलसर करा, मापकासह घट्ट पिशवीत आठ तास ठेवा. ७५ टक्के दाखवायला हवं. तीन-चारने चुकत असेल तर तेवढं वजा-बेरीज करा. दहाने चुकत असेल तर परत करा.

भिंतीवरची ओल कुठून येते हे ओळखणं जास्त महत्त्वाचं. जमिनीतून चढणारी ओल गुडघ्याइतक्या उंचीवर पट्ट्यासारखी असते, तिच्यावर पांढरा क्षार दिसतो. पावसाची ओल बाहेरच्या भिंतीला, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी उतरते. वरच्याच्या मोरीची किंवा संडासाची गळती छताला, पावसाळा असो-नसो, आणि सोसायटीच्या भांडणांचं मूळही तीच. चौथी, खोलीतल्याच वाफेची ओल कपाटामागे, हवा न पोचणाऱ्या कोपऱ्यात. गोंधळ झाला तर हातभर प्लॅस्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला चिकटवा, दोन दिवसांनी बघा. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला थेंब असतील तर ओल भिंतीतून येते, बाहेरच्या बाजूला असतील तर खोलीतल्या हवेतून. ओलीच्या डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ मारून तारीख टाका. घरमालकाला ‘वाढली’ म्हणून सांगून पटत नाही, तीन तारखांच्या तीन रेघा दाखवल्या की पटते. घरातल्या माणसाला विचारून मारा म्हणजे झालं. बुरशीचं क्षेत्र वहीच्या पानाच्या मापात लिहा: पानाहून कमी, एक पान, चार पानं, त्याहून जास्त. भिंत नुकती रंगवली असेल तर तीही नोंद घ्या. दिवाळीनंतर सर्व्हे केला तर सगळी घरं कोरडी निघतात.

बाकीचं भराभर: चूल की गॅस की दोन्ही, आणि धूर कुठून बाहेर जातो. पाण्याच्या टाकीला झाकण बसतं का, कारण शहरातला मलेरियाचा डास स्वच्छ पाण्याच्या टाकीत वाढतो. जिन्याला कठडा आणि दिवा. लिफ्ट चालू आहे का, नसेल तर सातव्या मजल्यावरचे म्हातारे गेल्या सात दिवसांत किती वेळा खाली उतरले. शेवटचा प्रश्न सुचायला मला फार उशीर लागला. आम्ही वरच्या मजल्यांना ‘चांगली घरं’ म्हणून मोकळे झालो होतो.

गावाकडे काम करत असाल तर जमिनीचा रकाना मोठा करा: सारवण, कोबा, शहाबादी, लादी. सारवलेल्या जमिनीबद्दल आपण हळवे असतो, पण मेक्सिकोत सरकारने मातीच्या जमिनींवर सिमेंटचा कोबा घालून दिला तेव्हा संशोधकांनी मुलं मोजली. पूर्ण घराला कोबा केलेल्या ठिकाणी मुलांमधले जंत ७८ टक्क्यांनी आणि जुलाब ४९ टक्क्यांनी कमी झाले, आणि आया जास्त समाधानी होत्या. औषध काहीच दिलं नव्हतं.

माणसं

‘तब्येत कशी आहे?’ या प्रश्नाला मराठी माणूस ‘बरं चाललंय’ म्हणतो, दम लागलेला असला तरी. प्रश्न ठोस हवा, मुदतीचा हवा आणि घरात बोलतात त्या शब्दांत हवा. मुलांच्या दम्यासाठी जगभर वापरला जाणारा प्रश्न आहे: गेल्या १२ महिन्यांत छातीतून शिट्टीसारखा आवाज आला का? आया ‘घरघर’, ‘कफ वाजतो’, ‘बाळदमा’, ‘छाती भरते’ म्हणतात. पोराच्या घशातल्या घरघरीलाही तोच शब्द, म्हणून आवाज तोंडाने काढून दाखवा. हसतात, पण उत्तर बरोबर येतं. ‘दमा आहे का’ विचारू नका, मुलीच्या बाबतीत तर नाहीच. लग्नाची काळजी मधे येते. जुलाबांसाठी मुदत दोन आठवडे, आणि व्याख्या चोवीस तासांत तीन किंवा जास्त पातळ शौच. दोन आठवड्यांपलीकडचं कुणाला आठवत नाही. मनाच्या अवस्थेसाठी जागतिक आरोग्य संघटनेची पाच वाक्यांची प्रश्नावली पुरते. प्रत्येक वाक्याला ० ते ५ गुण, बेरजेला चारने गुणायचं, शंभरपैकी आकडा. बाईला एकटीला विचारा. सासू शेजारी बसली असेल तर शंभर येतात.

आणि प्रत्येकाचे घरातले तास लिहा. दिवसाचे वीस तास त्या खोलीत काढणारी सून, तान्हं मूल आणि अंथरुणाला खिळलेले आजोबा यांच्यावर घराचा जेवढा परिणाम होतो तेवढा बारा तास बाहेर असणाऱ्या रिक्षावाल्यावर होत नाही. सगळ्यांना एका सरासरीत घातलं की परिणाम बुडून जातो.

एक नियम मोडू नका: घर मोजणारा आणि तब्येत विचारणारा वेगवेगळा हवा. ओलीने काळी पडलेली भिंत पाहिल्यावर आपण नकळत खोकल्याबद्दल दोनदा विचारतो आणि कोरड्या घरात एकदा. मग आपल्याच डोळ्यांनी तयार केलेला संबंध आपल्यालाच सापडतो.

आधी दहा घरं

खरा सर्व्हे सुरू करण्याआधी दोघांनी तीच दहा घरं वेगवेगळी जाऊन भरावीत आणि फॉर्म शेजारी शेजारी ठेवावेत. खोलीचं माप जुळतं. ‘ओल: कमी, मध्यम, जास्त’ हे जवळपास कधीच जुळत नाही. एकीचं मध्यम म्हणजे दुसरीचं जास्त. तिथे शब्द काढून वहीच्या पानाचं माप आणा, आणि प्रत्येक पातळीचा एक फोटो फॉर्मबरोबर द्या. ‘दहात आठ जुळले’ म्हणून खूश होण्याआधी बघा की दहातली आठ घरं ओलीच होती का. तसं असेल तर डोळे मिटून ‘ओल आहे’ लिहिणाऱ्याचेही आठ जुळले असते.

तुलना करताना

समजा खालच्या तीन मजल्यांवर १०० मुलांपैकी २४ जणांना घरघर आणि वरच्या तीन मजल्यांवर १०० पैकी १२ जणांना. दुप्पट. लगेच पत्रक काढू नका. खालच्या मजल्यावर विडी-सिगारेट जास्त आहे का? खालीच भाडेकरू जास्त आणि म्हणून दाटी जास्त? दम लागणाऱ्या आजारी माणसाला जिना नको म्हणून कुटुंबाने खालचं घर मागून घेतलं असेल तर आजार आधी आणि मजला नंतर, असंही निघेल. म्हणून ‘या घरात कधीपासून’ आणि ‘तक्रार कधीपासून’ हे दोन रकाने हवेतच. मग धूम्रपान नसलेली घरं वेगळी काढून त्यांत खाली-वर फरक उरतो का बघा, चारपेक्षा जास्त माणसं झोपणारी वेगळी काढून बघा. मजला चढेल तशी घरघर टप्प्याटप्प्याने उतरत गेली तर मुद्द्यात दम आहे.

घरं सोडतीने वाटली असतील तर तुमचं नशीब. कोणता मजला कुणाला हे चिठ्ठीने ठरलं म्हणजे गरीब-श्रीमंत, आजारी-धट्टेकट्टे दोन्हीकडे सारखे वाटले गेले. वाटपाचा कागद मागून घ्या, अपंगांना तळमजला राखीव होता का तेही विचारा. अहमदाबादमध्ये अशाच सोडतीत घर लागलेल्या आणि न लागलेल्या बायकांना संशोधकांनी चौदा वर्षांनी गाठलं. घरं चांगली होती, पण शहराबाहेर लांब. बऱ्याच जणी तिथे टिकल्याच नाहीत आणि टिकल्या त्या नातेवाइकांपासून तुटल्या. चांगल्या घराचा अपेक्षित फायदा दिसला नाही. फॉर्मात कामाचं अंतर आणि ‘अडीअडचणीला कुणाचं दार वाजवता’ हा प्रश्न यासाठी ठेवावा.

दुरुस्ती होणार असेल तर न्यूझीलंडची पद्धत घ्या. तिथे १,३५० घरांना थंडी रोखणारे थर बसवायचे होते. चिठ्ठीने निम्मी घरं आधी केली, उरलेली अभ्यास संपल्यावर. झोपायच्या खोलीचं तापमान सरासरी अर्धा अंशच वाढलं, पण घरघर कमी झाली, शाळेच्या दांड्याही कमी झाल्या. सगळ्यांना मिळालं, कुणी वंचित राहिलं नाही, आणि तुलनाही झाली. आपल्याकडे खिडक्यांना जाळी बसवायला निधी टप्प्याटप्प्यानेच येतो, मग टप्पा चिठ्ठीने ठरवायला काय हरकत आहे?

कागद परत द्या

प्रत्येक घराला त्याचं एक पान मराठीत द्या: तुमची खिडकी इतकी, रात्रीचा श्वास असा, ओल कुठून. कमिटीला इमारतीची बेरीज द्या, घरांचे नंबर काढून. तिथे हमखास कुणीतरी विचारतं, “मग आम्ही करायचं काय?” इमारतींमधलं अंतर वाढत नाही, हे सरळ सांगा. पण ‘का बंद?’ हा रकाना उघडा आणि त्यातली कारणं मोजून फळ्यावर लिहा. उंदीर आणि डास पहिले आले तर जाळी, कचरा पहिला आला तर बोळाची सफाई आणि वरच्यांशी भांडण, ‘समोरून दिसतं’ पहिलं आलं तर खालचा भाग झाकणारा अर्धा पडदा आणि वरची झडप उघडी.

जाळी लागली की महिन्याभराने त्याच घरांत, त्याच ऋतूत, तोच मीटर त्याच कोपऱ्यात ठेवा. आणि सकाळी मीटर आणायला जाल तेव्हा आधी विचारा, काल रात्री कोण कोण झोपलं होतं. पुतण्या गावाला परत गेला असेल तर आकडा जाळीमुळे उतरलेला नसतो.